पत्ता कोण उचलतो?

संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावात भविष्य सांगणारा पूर्वी दारात यायचा. पहाटे कंदील आणि कुडमुडं घेऊन पिंगळा यायचा. सुगी झाली की नंदीबैलवाला, आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला पोपटाचा पिंजरा मांडून बसलेला जोशी. आता त्यांच्या जोडीला पत्त्यांवरून भविष्य सांगणारं टॅरो आलं आहे. ते दारात येत नाही, मोबाइलवर येतं. आधी गूगल पे, मग व्हॉट्सअॅपवर पत्त्यांचा फोटो आणि पाच-सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज. संगमनेरातून पुण्याच्या टॅरो रीडरला विचारता येतं आणि नाशिकच्याही.

हे पत्ते नेमके चालतात कसे, हे समजून घ्यायचं तर आधी आपल्याकडच्या जुन्या साधनांकडे पाहिलेलं बरं. या सगळ्या प्रकारांत तीन गोष्टी लागतात. विचारणाऱ्याचा प्रश्न, कुणाच्याही मर्जीवाचून उत्तर निवडणारी काहीतरी युक्ती, आणि त्या उत्तराचा अर्थ सांगणारा माणूस. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीत. ती युक्ती एकूण किती वेगवेगळी उत्तरं देऊ शकते, हे मोजायचं. त्यावरून अर्थ सांगणाऱ्या माणसाला किती काम पडणार ते कळतं.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा पानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उत्तरं दोनच. नंदीबैलाचंही तेच, मान हलवली तर हो, नाहीतर नाही. इथे अर्थ सांगायला फारशी विद्वत्ता लागत नाही.

रामशलाका याहून मजेशीर आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसाच्या बऱ्याच प्रतींत ती छापलेली असते. पंधरा ओळी आणि पंधरा रकाने, म्हणजे २२५ घरं, प्रत्येक घरात एक अक्षर. डोळे मिटून एका घरावर बोट ठेवायचं, ते अक्षर लिहायचं, मग तिथून पुढे दर नववं अक्षर घेत जायचं. शेवटी एक चौपाई तयार होते. पहिल्यांदा करणारा थक्क होतो, कारण बोट कुठेही ठेवलं तरी अर्थपूर्ण ओळ निघते. २२५ ला ९ ने भागा, २५ येतात. नऊ चौपायांची अक्षरं आळीपाळीने गुंफून ठेवलेली आहेत, त्यामुळे बोट कुठेही पडलं तरी त्या नवांपैकीच एक हाती लागणार. बोट विचारणाऱ्याचं, पण उत्तरं नऊ आणि त्यांचे अर्थही खाली छापलेले. घरच्या घरी होतं, दक्षिणा लागत नाही.

पोपटवाल्याकडे पत्ते येतात. लक्ष्मी, गणपती, शनी, वनवासाला निघालेले राम-सीता अशी चित्रं पाकिटांत घातलेली असतात. तमिळनाडूत या धंद्याची घडी पक्की बसलेली आहे. तिथे सत्तावीस नक्षत्रांचे सत्तावीस पत्ते असतात. पोपट पिंजऱ्यातून बाहेर येतो, चोचीने एक पाकीट ओढतो, बदल्यात दाणा मिळतो, की परत आत. शिकवायचं असतं ते एवढंच. मुद्दा असा की पत्ता जोशाने काढलेला नसतो आणि आपणही काढलेला नसतो. मुका जीव कशाला खोटं बोलेल, असं आपल्याला वाटतं. (वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. पोपटवाले दिसेनासे होण्यात या कायद्याचाही हात आहे.)

म्हणजे दोन उत्तरं, नऊ, सत्तावीस. आता टॅरोचं गणित बघा.

टॅरोच्या जोडात ७८ पत्ते असतात. सगळ्यांत सोपा डाव तीन पत्त्यांचा: एक भूतकाळाचा, एक वर्तमानाचा, एक भविष्याचा. पहिला पत्ता ७८ तऱ्हांनी येऊ शकतो, दुसरा ७७, तिसरा ७६. गुणाकार केला की ४,५६,४५६. बरेच रीडर उलटा आलेला पत्ता वेगळा वाचतात. ते धरलं तर याच्या आठपट, म्हणजे साडेछत्तीस लाखांच्या वर. एवढ्या उत्तरांचे अर्थ कुठल्याही पुस्तकात छापता येत नाहीत. पुस्तकात असतात ७८ पत्त्यांचे सुटे अर्थ. तीन पत्ते एकमेकांना जोडून त्यांची गोष्ट करायचं काम समोर बसलेल्या माणसावर येतं. कौल लावणाऱ्या गुरवापेक्षा टॅरो रीडरला जास्त बोलावं लागतं ते यामुळे.

या ७८ मधले ५६ पत्ते आपल्या ओळखीचेच म्हणायचे. चार रंग आणि प्रत्येकात चौदा पानं. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर यांच्या जागी पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या. राजा, राणी आणि गुलामाबरोबर एक घोडेस्वार जास्तीचा. उरलेली २२ पानं म्हणजे मेजर आर्काना: मूर्ख, जादूगार, सम्राट, प्रेमी, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य वगैरे. ही पानं मुळात होती हुकमाची. हो, हुकमाचीच, मेंढीकोटात असतात तशी. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघालेला पत्त्यांचा खेळ. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली त्याची नोंद सापडते. मिलानच्या सरदार घराण्यासाठी सोन्याचा वर्ख देऊन रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. फ्रान्समध्ये आजही लोक ७८ पानांचा टॅरो खेळतात, डाव जिंकतात-हरतात, आणि त्यात कुणाच्या लग्नाचा योग बघत नाहीत.

आपल्याकडच्या गंजिफाशी याचं लांबचं नातं लागतं. पेले, नाणी, तलवारी हे रंग युरोपात गेले ते इजिप्तच्या मामलुकांच्या पत्त्यांवरून. आपली गंजिफा इराणकडून आली. इथे तिचे दशावतार झाले: मत्स्य, कूर्म, वराह असे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. सावंतवाडीच्या राजवाड्यात सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली. तिथे कारागीर आजही ते पत्ते हाताने रंगवतात. चित्रं बघितली तर भविष्य सांगायला टॅरोपेक्षा सरस ठरतील, पण आपल्या लोकांनी ते खेळण्यासाठीच ठेवले. भविष्याला इथे पंचांग होतं, कुंडली होती, जोशी होता, मग पत्त्यांना कोण विचारतो!

खेळाचं भविष्य झालं ते पॅरिसमध्ये. १७८१ साली कूर द जेबलां नावाच्या विद्वानाने लिहिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान. पुरावा काही नव्हता. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताच येत नव्हती, त्यामुळे खोडून काढणाराही कुणी नव्हता. मग एतेया या टोपणनावाच्या माणसाने पत्ते कसे मांडायचे आणि कसे वाचायचे याचं पुस्तक काढलं, भविष्यासाठी खास वेगळा जोडही काढला आणि धंदा सुरू झाला. प्राचीन म्हणून सांगितली जाणारी ही विद्या आपल्या पेशवाईच्या उत्तरार्धातली आहे.

आज बाजारात मिळणारे बहुतेक जोड ज्याच्यावरून निघाले, तो त्याहून अलीकडचा, लंडनमधला, १९०९ चा. कल्पना ए. ई. वेट यांची, प्रकाशक रायडर, आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकार बाईंची. जोडाला नाव लागलं रायडर-वेट. बाईंना ठरलेले थोडेसे पैसे मिळाले, विक्रीतला वाटा नाही. १९५१ मध्ये त्या गेल्या तेव्हा जवळ फारसं काही नव्हतं. खरं तर टॅरो जगभर पोचलं ते त्यांच्यामुळे. जुन्या बहुतेक जोडांत तलवारीच्या तिऱ्हीवर नुसत्या तीन तलवारी असायच्या. बाईंच्या पत्त्यावर पावसाळी ढगांसमोर एक लाल हृदय आहे आणि तीन तलवारी त्याच्या आरपार गेल्या आहेत. आकड्यांच्या साध्या पानांवर असा एकेक प्रसंग आला. नुसत्या तीन तलवारी बघून कुणी रडत नाही. त्या हृदयाकडे बघताना मात्र माणसाला स्वतःचं काहीतरी आठवतं.

आता प्रत्यक्ष बैठक कशी चालते ते पाहू. समजा, संगमनेरात अकोले नाक्याकडच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एक मॅडम टॅरो बघतात. सव्वीस वर्षांची एक मुलगी आली आहे. इंजिनीअर आहे, चाकणला कंपनीत आहे, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने गावी आली आहे.

टेबलावर मखमली कापड असतं. पत्ते आपल्या नेहमीच्या पत्त्यांपेक्षा मोठे, साधारण सात बाय बारा सेंटिमीटर. ते दोन्ही हातांत धरून फर्रकन एकमेकांत घुसवता येत नाहीत, त्यामुळे वरचे थोडे खाली, खालचे थोडे वर असं पिसतात. बावन्न पत्ते नीट मिसळायचे तर ते साधारण सात वेळा फर्रकन पिसावे लागतात, असं बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं. वर-खाली करून पिसल्यावर पत्ते त्याहून कितीतरी कमी मिसळतात, आधीच्या डावातले गठ्ठे तसेच राहतात. मग मॅडम मुलीला डाव्या हाताने पत्ते काटायला सांगतात. हे फार महत्त्वाचं. पोपट नाही, देव नाही, आता पत्ता मुलीनेच निवडलेला आहे. जे निघेल ते तिचंच.

"काय विचारायचंय?"

"नोकरीचं."

मॅडमना एवढं पुरतं. वय दिसतंय, हातात साखरपुड्याची अंगठी नाही, खांद्याला प्रवासाची बॅग. या वयात नोकरीचं विचारणारी मुलगी "नोकरी टिकेल का" असं क्वचित विचारते, "बदलू का" हेच विचारते.

पहिला पत्ता निघतो नाण्यांची अठ्ठी. बाकावर बसून एक पोरगा छिन्नी-हातोड्याने नाण्यावर तारा कोरतोय, मागे लांबवर गाव दिसतंय. "खूप कष्ट केलेस तू. घरापासून लांब राहून केलेस. पण त्याची जेवढी कदर व्हायला हवी तेवढी होत नाही." मुलगी मान हलवते. न हलवून करते काय? आपल्या कामाची पुरेशी कदर होते असं म्हणणारा नोकरदार शोधून दाखवावा.

समजा, अठ्ठीऐवजी पेल्यांची तिऱ्ही निघाली असती, तीन बायका पेले उंचावून नाचताना. तर मॅडम म्हणाल्या असत्या, "मैत्रिणींचा आधार आहे तुला, पण ऑफिसात मनातलं बोलावं असं कुणी नाही." मुलीने तेव्हाही मान हलवलीच असती.

दुसरा पत्ता तलवारीची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीवर दोन तलवारींची फुली, मागे समुद्र आणि चंद्रकोर. "दोन गोष्टींत अडकलीयेस." इथे मॅडम थांबतात. थांबणं हा या धंद्यातला मोठा गुण आहे. ती शांतता मुलीला सोसत नाही.

"हो ना मॅडम. बंगळूरची ऑफर आलीय. पण घरी स्थळं बघायला सुरुवात केलीय, आई म्हणते आता लांब कुठे नको."

बंगळूर हा शब्द खोलीत आला तो मुलीच्या तोंडून. पत्त्यावर बंगळूरही नाही आणि स्थळही नाही. पण घरी जाताना मैत्रिणीला फोनवर ती सांगणार, "अगं, त्यांनी बंगळूरचं बरोबर ओळखलं!" ती खोटं बोलत नसते. कोण काय म्हणालं हे विसरून काय म्हटलं गेलं तेवढं लक्षात ठेवायची आपल्या मनाला सवयच आहे.

तिसरा पत्ता मृत्यू. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर, राजा खाली पडलेला, धर्मगुरू हात जोडून उभा, एक लहान मूल वर बघतंय, मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य. मुलीचा चेहरा उतरतो. मॅडमना हे ठाऊक असतं. "घाबरू नकोस. याचा अर्थ मरण नाही. जुनं काहीतरी संपतंय, नवीन सुरू होतंय." मुलगी बंगळूरला गेली तर हे खरं. इथे राहून लग्न केलं तर हेही खरं. कंपनीने काढून टाकलं तर फारच खरं.

भीतीच्या पत्त्यांचं एक गणित सांगतो, कारण घरोघरी त्यावरूनच रडारड होते. मृत्यू, सैतान, विजेने कोसळणारा मनोरा, तलवारीची तिऱ्ही आणि पाठीत दहा तलवारी खुपसलेला दश्शीचा माणूस, असे पाच पत्ते धरा. केल्टिक क्रॉस नावाचा दहा पत्त्यांचा प्रसिद्ध डाव मांडला, तर या पाचांपैकी निदान एक निघण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच आहे. म्हणजे दहा पत्ते मांडून बसणाऱ्या दर दोघांतल्या एकाला घाबरवणारं काहीतरी दिसणारच. "मोठा पत्ता आला म्हणजे मोठी घटना" याचंही तसंच. तीनच पत्ते काढले तरी त्यात एखादं मेजर आर्काना निघण्याची शक्यता १०० त ६४.

सांगितलेलं लागू पडतं ते का, याचा प्रयोग बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये केला. त्याने ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "तुमच्या स्वभावाचं वर्णन" दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी निघाली ४.२६. मग त्याने उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. आपल्याकडे हा मजकूर पाठ असलेले लोक गावोगाव आहेत. मनात खूप आहे पण बोलून दाखवत नाही. पैसा येतो पण हातात टिकत नाही. ज्याचं भलं करायला जाता तोच उलटतो. घरात एक माणूस वरून गोड आहे, त्याला जपा. वाचकांनी मनात स्वतःला गुण देऊन बघावेत.

रे हायमन या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट याहून भारी. तरुणपणी तो स्वतः हात बघायचा आणि लोक म्हणायचे सगळं खरं निघालं, त्यामुळे त्याचाही विश्वास बसला होता. एका अनुभवी जादूगाराने त्याला सुचवलं की काही दिवस रेषांच्या अर्थाच्या बरोबर उलटं सांगून बघ. त्याने सांगितलं. गिऱ्हाइकं तेवढीच खूश झाली. पुढे आयुष्यभर तो माणसं फसतात कशी याच विषयावर काम करत राहिला.

यावर टॅरोचे चाहते म्हणतात की ज्योतिषापेक्षा टॅरो वेगळं, त्याची परीक्षा घेता येत नाही. पहिला भाग बरोबर आहे. कुंडली एकदा मांडली की बदलत नाही, म्हणून ती तपासता येते, आणि पुण्यात तपासलीही गेली. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांना दिल्या आणि कुठली कुणाची एवढंच ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर आली. ज्योतिषाच्या एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या, तिची १०२ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी शंभराच्या आसपास आली असती. २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

टॅरोत तोच प्रश्न पुन्हा विचारला तर वेगळे पत्ते निघतात. तेच तीन, त्याच क्रमाने येण्याची शक्यता साडेचार लाखांत एक. म्हणून रीडरांनी नियम केला आहे की एकच प्रश्न लगेच दुसऱ्यांदा विचारायचा नाही, पत्ते नाराज होतात. गणित जाणणाऱ्याला या नियमाची गरज लगेच पटेल.

हे सगळं बेकायदा आहे का? नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि इतर ज्योतिषी यांनी दिलेला सल्ला स्पष्टपणे वगळलेला आहे. कायदा आड येतो तो अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून लुबाडलं, भीती घातली किंवा डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही तर. तिथे सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. टॅरोत पैसा खरा जातो तो 'उपाय' सुरू झाले की. वेट यांच्या टॅरोवरच्या पुस्तकात पत्त्यांचे अर्थ आहेत, शांत नाही की अंगठी नाही. ती भर इथली. पत्ता वाईट निघाला म्हणून अमुक रंगाचा स्फटिक घ्या, तमुक हजारांचं हीलिंग करा, असं सुरू झालं की उठावं. बाकी, ज्या घरात आई "लांब नको" म्हणाली की विषय संपतो, त्या घरातल्या मुलीला वीस मिनिटं कुणीतरी तिचा विषय संपू न देता ऐकून घेतं, याला काही किंमत आहे. फी परवडत असेल तर द्यावी. पुढच्या वर्षाचं काही कळलं असं मात्र समजू नये.

परीक्षेचं राहिलं. वेगळे पत्ते निघाले तरी टॅरोचीही परीक्षा घरच्या घरी घेता येते. साधारण एकाच वयाचे पाच जण जमवा. एखाद्या ओळखीच्या रीडरला प्रत्येकासाठी पत्ते काढून कागदावर वाचन लिहून द्यायला सांगा. अट दोनच: विचारणारा समोर नसावा आणि प्रश्न सांगू नये. कागदांवरची नावं कापा, पाचही कागद मिसळा आणि प्रत्येकाला सगळे वाचून आपला कोणता ते ओळखू द्या. पाचांपैकी एकाने बरोबर ओळखला तर त्यात काही नाही, डोळे मिटून उचलला तरी सरासरी एकाचा जमतोच. दोघांचा जमला तरी हुरळून जाऊ नये. चौघांचा जमला तर पाच नवी माणसं घेऊन प्रयोग पुन्हा करावा. त्या वेळी कागद रीडरच्या ओळखीबाहेरच्या कुणाकडून तरी टाइप करून घ्यावेत, आणि त्यातले "बेटा", "भाऊ" असे शब्द गाळावेत, म्हणजे त्यांवरून कुणाला काही कळायला नको.